सोलापूरच्या गिरणी चाळी व जुन्या पेठा

महाराष्ट्रातील सोलापूर शहरात कापडधंद्याबरोबर वाढलेल्या कामगारवस्त्या व त्यांना जोडणारे जुने रस्ते. या वस्त्यांचे दोन ठळक प्रकार होते : पश्चिमेकडे गिरणी कंपन्यांनी बांधलेल्या चाळी आणि पूर्व भागात माग व बिऱ्हाड एकाच छताखाली असलेली कारखानदारांची घरे. दोन्ही प्रकार आता बव्हंशी नाहीसे झाले आहेत, पण त्यांच्या नाहीसे होण्याची कारणे वेगवेगळी आहेत.

जुने गाव : गिरण्यांपूर्वीचे सोलापूर भुईकोट किल्ला व सिद्धेश्वर तलावाच्या उत्तरेस, गावकुसाच्या आत होते. कसबा, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही त्यातली जुनी वस्ती. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर मातीचे माळवद, आत चौक आणि समोर बोळ अशी तेथील घरांची सर्वसाधारण रचना होती. पाऊस कमी आणि ऊन कडक असलेल्या या प्रदेशाला माळवद सोयीचे होते आणि उन्हाळ्यात रात्री निजायलाही त्याचा उपयोग होई. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १८६० मध्ये लोहमार्ग आला. वाढत्या वस्तीला जागा हवी म्हणून १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने गावकुसाची पूर्वेकडची भिंत व अन्य काही भाग पाडले. तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस ही ठिकाणे आज केवळ चौकांची नावे म्हणून ओळखली जातात.

गिरणी चाळी : मुंबईचे उद्योजक मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तेव्हा दुष्काळ चालू असल्याने खेड्यांतून आलेले मजूर तिला सहज मिळाले. पुढे इतर गिरण्या निघाल्यावर लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले, तर लगतच्या मुरारजी पेठेला संस्थापकाचे नाव मिळाले. विसाव्या शतकाचे पहिले दशक संपेपर्यंत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्याही उभ्या राहिल्या. रेल्वेच्या आसपास आणि गिरण्यांच्या आवारांना लागून कंपन्यांनी चाळी बांधल्या. ओळीने एकेक खोली, पुढे पडवी, सामायिक नळ व संडास अशी त्यांची रचना होती. पाळीची वेळ भोंग्यावर ठरे आणि गिरणीत काम न करणारी घरेही त्याच भोंग्यावर दिवस मोजत. खोली नोकरीला बांधलेली असल्याने कामगाराचे काम आणि निवारा दोन्ही एकाच मालकाच्या हाती राहत.

सेटलमेंट : गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी आदी जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शहरालगत वसाहत उभारली गेली. तेथील अनेकांना गिरण्यांत कामाला लावले जाई. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावात तो इतिहास शिल्लक आहे.

पूर्व भाग : साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, जोडभावी पेठ, कन्ना चौक या परिसरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची दाट वस्ती झाली. येथे घर हाच कारखाना होता. पुढच्या दालनात खड्ड्याचे माग, मागे व माडीवर मालकाचे कुटुंब असे, आणि मजुरीवर विणणारे कामगारही पुष्कळदा त्याच आवारात राहत. घरातल्या बायका कांड्या भरत, तर कित्येक जणी विड्या वळत. गल्ल्यांतून मराठीइतकीच तेलुगू ऐकू येई.

ऱ्हास : जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्धचे भागधारकांचे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या चर्चेत ते महत्त्वाचे ठरले. पुढे ही गिरणी कायमची थांबली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व त्यानंतर उरलेल्या मोठ्या गिरण्यांवरही तीच वेळ आली. मालक कंपनीच उरली नाही, त्यामुळे चाळींची डागडुजी थांबली आणि गिरण्यांच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या होऊ लागल्या. जुन्या मिलच्या आवारात उमा नगरी ही वसाहत झाली. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील ओल्डहॅम, ब्लॅकबर्न यांसारख्या गिरणीगावांत जुन्या घरांच्या रांगा नगरपालिकांनी १९३० च्या गृहनिर्माण कायद्याखाली आणि महायुद्धानंतर पुन्हा मोहीम काढून पाडल्या. सोलापुरात तशी सरसकट मोहीम झाली नाही. एकेका गिरणीच्या पडझडीबरोबर तिच्या चाळी खचत गेल्या.

पूर्व भागातील बदल आतून झाला. स्वातंत्र्यानंतर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. चादर व टॉवेल यांचे उत्पादन वाढले, तसा बराच धंदा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेला. राहती घरे मात्र त्याच जागी राहिली. तेथे माळवदे उतरवून सिमेंटचे मजले चढवले गेले आणि मागाच्या दालनात दुकाने आली.

नवी घरे : कामगारांच्या वस्तीचे केंद्र शहराच्या कडेला सरकले. हैदराबाद रस्त्यावरील विडी घरकुल हा त्याचा आरंभीचा टप्पा. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे बांधून २००६ मध्ये दिली गेली. तेथेच रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत आखण्यात आली. तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी यंत्रमाग व विडी कामगार, कचरावेचक, वाहनचालक आदी कुटुंबांना देण्यात आली. गिरणी चाळीत खोली कंपनीची होती, येथे मालकी कामगाराची आहे. कामाचे ठिकाण मात्र चालत जाण्याच्या अंतरावर राहिलेले नाही.

अवशेष : चीनमध्ये वैद्यकीय सेवा केलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे भैय्या चौकातील घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. जुन्या रस्त्यांचा माग संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत लागतो. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून निघणारे नंदीध्वज बाळीवेस, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस या जुन्या वाटेने मंदिराकडे जातात. शहराच्या लिखित नोंदींत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली सामाजिक-आर्थिक पाहणी महत्त्वाची असून ती १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.