उसवलेल्या शिवणीतून शिकलेली विद्या

आज आम्ही गोष्ट सांगणार आहोत पुरुषांच्या कपड्यांची, पण ती एका बाईच्या हातची. गोष्ट आहे इंग्लंडमधल्या लंडन शहरातली.

दुसऱ्या महायुद्धात तिथे कपडेसुद्धा रेशनवर मिळत. १९४१ साली लागलेलं हे रेशन १९४९ मध्ये उठलं. त्याच सुमारास तिथल्या महागड्या शिंप्यांनी श्रीमंतांसाठी सातव्या एडवर्ड राजाच्या काळातली फॅशन परत आणली. लांब कोट, मखमली कॉलर, अरुंद विजार. मग कामगार वस्तीतल्या पोरांनीही तसेच कपडे शिवून घेतले. 'एडवर्ड'चं लाडकं नाव 'टेडी', म्हणून त्यांना 'टेडी बॉइज' म्हणू लागले.

पुढे ती फॅशनही मागे पडली. १९७१ मध्ये व्हिव्हियन वेस्टवूड आणि त्यांचे जोडीदार माल्कम मॅक्लारेन यांनी लंडनमध्ये दुकान काढलं आणि टेडी बॉइजचे कपडे पुन्हा विकायला ठेवले. व्हिव्हियनबाई प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. शिंपीकामाचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्या जुने कपडे आणायच्या, शिवण उसवायच्या, कोणता तुकडा कसा बेतलाय ते बघायच्या आणि तसाच नवा शिवायच्या.

फॅशनच्या धंद्यात दर मोसमाला नव्या कपड्यांचा संच निघतो, त्याला 'कलेक्शन' म्हणतात. १९८१ साली या दोघांनी थंडीच्या मोसमासाठी पहिलं मोठं कलेक्शन दाखवलं. नाव होतं 'पायरेट', म्हणजे समुद्री चाचा. त्यासाठी बाईंनी शेकडो वर्षांपूर्वीच्या पुरुषी सदऱ्यांची बेतणी अभ्यासली. त्या काळी कापड हातमागाचं आणि महाग. म्हणून सदरा सरळ चौकोनी तुकड्यांतून बेतत, चिंधी फारशी वाया जात नसे. हात मोकळा हलावा म्हणून काखेत छोटा चौकोन जोडत. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या कुडत्यालाही काखेत असाच तुकडा असतो.

सदरा विरला की त्याची बेतणीही जाते. तेव्हा आजोबांची पैरण किंवा बाराबंदी ट्रंकेत असेल, तर बोहारणीला देण्याआधी गटात आणा. शिवण हलक्या हाताने उसवा, तुकडे कागदावर ठेवून आखून घ्या, मग परत शिवा. तो कागद जपून ठेवा. उद्या गटाला शिलाईचं काम मिळालं, तर तोच उपयोगी पडेल.