क्षमा कोणी करायची?

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या फर्मानानुसार प्रत्येकाला देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा लागे. इजिप्तमध्ये असे काही दाखले पपायरसवर सापडले आहेत.

कार्थेजचे अनेक ख्रिस्ती नमले. कोणी बळी दिला, कोणी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. मग मंडळीत परतण्यासाठी त्यांनी तुरुंगात छळ सोसणाऱ्यांकडून रदबदलीच्या चिठ्ठ्या आणल्या. बिशप सिप्रियनने चिठ्ठ्यांचा मान राखला, पण केवळ त्यांच्यावर क्षमा देण्यास नकार दिला. अडचण अशी, की छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता. मग मध्यस्थी कोणाची मोठी, सोसणाऱ्याची की पदावरच्याची?

२५१ च्या धर्मसभेने दाखलेवाल्यांना चौकशीअंती प्रवेश दिला. बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त आणि मृत्युशय्येवर क्षमा. रोममध्ये नोव्हेशियनला एवढी दयाही नको होती. तो वेगळा झाला. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच कार्थेजच्या बिशपांनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच जवळ केले. लढाईला पाठवायचे त्यांना निःशस्त्र कसे ठेवायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

२५८ मध्ये सिप्रियनचा शिरच्छेद झाला. क्षमेचा अधिकार बिशपांकडेच राहिला; मात्र त्याचे दार रुंदावले ते संकटाने.