४५ दिवस आणि २६ आठवडे : बाळंतपणाच्या रजेची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईची रजा संपली आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी दारात चपला घालता घालता तिचे डोळे भरून आले. बाळ माझ्या कडेवर होतं. मी म्हटलं, "जा बाई निवांत, मी आहे ना." ती गेली, पण माझा दिवस निवांत गेला नाही. मला सारखं १९८९ साल आठवत होतं.

तेव्हा मी इथे माटुंग्यातच पोदार कॉलेजातून बी. कॉम. होऊन एका खासगी कचेरीत हिशेब बघत होते. कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळाली. दोन आठवडे बाळंत होण्याआधीच संपले, उरले दहा. रजा संपली तेव्हा बाळ अडीच महिन्यांचं होतं. सासूबाईंची तब्येत बरी नव्हती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. आणखी महिनाभर बिनपगारी रजा मागितली तर साहेब म्हणाले, "मग राजीनामाच द्या." मी दिला. दोष कुणाला देत नाही, पण ते टोचलं होतं हे खरं. तेव्हापासून मनात प्रश्न होता की ही रजा मुळात आली कुठून? आता दुपारी बाळ झोपलं की वाचत बसते. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आमच्या घरची पद्धत बहुतेकींना माहीत असेल. बाळंतिणीने ४५ दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही, मंदिरात जायचं नाही. मग बाळाला जिनमंदिरात नेऊन दर्शन करवायचं, कानात णमोकार मंत्र म्हणायचा. लहानपणी मला हे नुसतं बंधन वाटे. स्वतः बाळंत झाल्यावर कळलं की तेवढे दिवस कुणी आपल्याला हातात लाटणं देत नाही. शेक, मालीश, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर आणि झोप. बंधनाच्या नावाखाली आपल्याला रजाच मिळत होती.

पण ही रजा घर भरलेलं असेल तिला. माटुंग्याहून जवळच असलेल्या परळ-लालबागच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हजारो बायका कामाला होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. राहायला चाळीतली एक खोली. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. त्यामुळे दिवस भरेपर्यंत उभं राहायचं आणि बाळंत झाल्यावर जमेल तितक्या लवकर परत जायचं. माझ्या बाळंतपणात मालीश करायला येणाऱ्या मावशी लालबागच्या. त्यांची आजी गिरणीत होती. त्या सांगायच्या, "आजी सकाळी पोराला अफूची बारीक गोळी चाटवायची आणि भोंगा झाला की निघायची. पोर गुंगीत पडून राहायचं." मला वाटे, असेल एखाद्या घरातली गोष्ट. पण १९२०च्या दशकात सरकारने नेमलेल्या लेडी डॉक्टर बार्न्स यांनी मुंबईच्या गिरणी-कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा बाळांना अफू देण्याची चाल किती सर्रास आहे हे नोंदवून ठेवलं. म्हणजे मावशींची आजी एकटी नव्हती. दुष्टपणा तर नव्हताच. तिच्या कडेवरचं बाळ घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, इतकंच.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा असावी, असा ठराव तिथे झाला. नंतरचे सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस! आमच्या आज्यांचा हिशेब फारसा चुकलेला नव्हता. या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. लोअर परळच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, तेच हे. परत आल्यावर १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आणलं. ते नामंजूर झालं.

मग गोष्ट मुंबईतच पुढे सरकली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले यांनी बिल मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्याला पाठिंबा द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तेव्हा ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. हिंदू कॉलनीतलं 'राजगृह', जिथून आपण दादरला जाता-येता जातो, ते पुढचं. त्यांचं म्हणणं असं की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून हा भार मुळात सरकारने उचलायला हवा. पण मालकालाही बाईच्या श्रमाचा फायदा होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा. त्याच काळात मुंबईच्या गिरण्या संपाने महिनोन् महिने बंद होत्या, हे लक्षात घ्या.

१९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, मुंबई शहरात रोज आठ आणे. मी कॉमर्सची, म्हणून मांडून पाहिलं. सातही आठवडे धरले तर ४९ दिवसांचे साडेचोवीस रुपये. फार नाहीत, पण आजवर शून्य होतं तिथे साडेचोवीस आले. मात्र पैसे सगळे मालकाने द्यायचे होते. बाई ठेवली की खर्च वाढतो, असा हिशेब सुरू झाला. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्याला कारणं अनेक होती, पण हेही त्यातलं एक. भार कुणी उचलायचा, हा १९२८चा प्रश्न तिथेच राहिला. १९४८च्या ई.एस.आय. कायद्याने मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून काहींसाठी तो सोडवला.

१९६१ साली देशभरासाठी १२ आठवड्यांचा कायदा झाला. तरी मनं लगेच बदलत नाहीत. एअर इंडियात हवाईसुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिची नोकरी संपे! नर्गेश मीरझा आणि इतर जणी कोर्टात गेल्या, तेव्हा १९८१ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. माझ्या राजीनाम्याच्या फक्त आठ वर्षं आधी.

२०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. आपल्या लेकी-सुनांना सांगण्याजोग्या चार गोष्टी : आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. २६ पैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ही शेवटची गोष्ट फारशा जणी मागतच नाहीत. विचारा, लाजू नका.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत पुरुषाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगीत कायदाच नाही, कंपनी देईल ती खरी. आमच्या मुलाने वर्षभर साठवलेली रजा काढली, तीही एकदम नाही. सूनबाई कामावर गेली त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी एक. शुक्रवारी बाळाची अंघोळ, पेज, झोप सगळं तोच बघतो. पहिल्या शुक्रवारी मी मदतीला धावले, तर म्हणाला, "आई, तू बस." मी बसले. १९८९ साली ह्यांनी एक दिवसही रजा घेतली नव्हती. मी मागितलीही नव्हती. मागायची असते हेच दोघांना ठाऊक नव्हतं.

खरं सांगू? सूनबाई पगाराची स्लिप दाखवते तेव्हा आनंदाबरोबर थोडं दुखतं. मग कडेवरच्या बाळाकडे बघते. त्याची आई कामाला गेली आहे आणि ते टक्क जागं आहे, हसतंय. मावशींच्या आजीला हे दिसायला हवं होतं.

तुमच्या घरी कुणी रजेवर असेल तर तिला एवढंच विचारा, रजा संपल्यावर बाळ कोण घेणार? आणि हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, हेही सांगा.