कसोटी कुणाच्या हातात? सोन्याच्या पारखेचा इतिहास

१/ सोन्याचा दागिना हातात घेता येतो, अंगावर घालून पाहता येतो. पण ज्यावरून त्याची किंमत ठरते ती शुद्धता मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या व्यवहारातली फसवणूक खरेदीच्या दिवशी क्वचितच उघड होते. ती उघड होते वीस-पंचवीस वर्षांनी, पाटल्या मोडीत काढताना किंवा आजारपणात गहाण ठेवताना. तोवर पावती हरवलेली असते आणि दाद मागण्याची वेळ निघून गेलेली असते.

२/ या अडचणीवरचा जुना उपाय मराठी भाषेत आजही जिवंत आहे. काळ्या दगडावर सोने घासले की जी रेघ उमटते, तो 'कस'. आणि तो दगड म्हणजे 'कसोटी'. ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ शेजारी ओढून दोहोंचा रंग ताडून पाहत. 'बावनकशी सोने' हा शब्दप्रयोगही याच परीक्षेतून आला.

३/ परंतु दगडसुद्धा निःपक्षपाती नसतो, हे कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ला ठाऊक होते. काही कसोट्या विकणाऱ्याच्या हिताच्या, तर काही घेणाऱ्याच्या हिताच्या, असे हा ग्रंथ स्पष्टपणे नोंदवतो. नखात गेरूची पूड लपवून ती रेघेवर पाडणे ही लबाडीही त्यात आहे. अर्थात परीक्षा खरेदीदाराच्या डोळ्यांदेखत होत असली, तरी ती प्रामाणिक असेलच असे नाही.

४/ सोनाराकडून होणाऱ्या चोरीचे पाच प्रकार 'अर्थशास्त्र' सांगते. 'तुलाविषम' म्हणजे खोट्या तराजूने केलेली चोरी. 'अपसारण' म्हणजे सोने काढून घेऊन त्याजागी हिणकस मिश्रण भरणे. 'पेटक' या प्रकारात शिशाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवला जाई. अशा दागिन्याचा कस वरवर लावला, तर तो उत्तमच येणार! दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीतली कोणतीही युक्ती आजच्या वाचकाला परकी वाटत नाही.

५/ महाराष्ट्रात सरकारी खजिन्यात येणारा पैसा पारखण्यासाठी 'पोतदार' हा स्वतंत्र अधिकारी असे. अनेक टाकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. हिणकस वा झिजलेल्या नाण्यांवर बट्टा कापला जाई. नावाला लागणारा 'बट्टा' तो हाच. राज्यसत्तेने आपल्या पैशासाठी पारखी नेमला होता. लग्नासाठी मंगळसूत्र घेणाऱ्या सामान्य कुटुंबाला मात्र विकणाऱ्या सोनाराच्याच शब्दावर विसंबावे लागे.

६/ नेमका हाच प्रश्न इंग्लंडमध्ये वेगळ्या रीतीने हाताळला गेला. इ.स. १३०० मध्ये राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्याने असे ठरले की, चांदीचे भांडे कारागिरांच्या संघाच्या पर्यवेक्षकांनी तपासून त्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटवल्याखेरीज कारागिराच्या हातून बाहेर जाऊ नये. १३६३ पासून कारागिराची स्वतःची खूणही आवश्यक झाली. १४७८ च्या सुमारास तपासणी लंडनच्या 'गोल्डस्मिथ्स हॉल'मध्ये होऊ लागली आणि वर्षदर्शक अक्षर आले. या 'हॉल'मधला 'मार्क' तो 'हॉलमार्क'.

७/ वर्षाच्या अक्षराचे महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी तपासणी कोणी केली, हे त्यावरून शोधता येई. म्हणजे ठसा केवळ शुद्धता सांगत नव्हता. चूक निघाल्यास जाब कोणाला विचारायचा, हेही सांगत होता.

८/ स्वतंत्र भारतात सोन्यावर सरकारचे पहिले मोठे नियंत्रण जानेवारी १९६३ मध्ये आले. नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध नसावेत, असा तो नियम होता. त्याचा हेतू ग्राहकाचे रक्षण हा नव्हता. सोन्याची मागणी आणि तस्करी रोखणे हा होता. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा अखेर १९९० मध्ये रद्द झाला. भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झाले, पण ते ऐच्छिक होते. सक्ती आली जून २०२१ मध्ये, तीही प्रथम २५६ जिल्ह्यांत.

९/ १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजेच एचयूआयडी, बंधनकारक झाला. मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि शुद्धता समोर येते. '९१६' म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, अर्थात २२ कॅरट. शुद्धता ठशापेक्षा कमी भरल्यास तुटीच्या रकमेची दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे.

१०/ तरीही ठशाला मर्यादा आहेत. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने, तसेच कुंदन, पोलकी व जडाऊ काम सक्तीतून वगळलेले आहे. खड्यांचे वजन सोन्यात धरले गेले किंवा घडणावळ अवाच्या सवा लावली, तर ठसा काही बोलत नाही. तिथे बिलच कामी येते: सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचे शुल्क त्यावर लिहिलेले असले पाहिजे. म्हणून ॲपवर दिसणारी माहिती दागिन्याशी आणि बिलाशी ताडून पाहणे हे दुकानातच उरकायचे काम आहे.

११/ या प्रदीर्घ इतिहासात खरेदीदार अधिक हुशार झाला म्हणून सुरक्षित झाला, असे दिसत नाही. पारख विकणाऱ्याच्या हातून निघून तिसऱ्याकडे गेली आणि त्या तिसऱ्याचेही नाव नोंदले गेले, तेव्हा तो सुरक्षित झाला. घर असो, जमीन असो वा जुनी गाडी, मोठ्या खरेदीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न आजही तोच आहे: कसोटी कुणाच्या हातात आहे?