इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे (जीप वर्गातील गाड्या, घरच्या घरी)

इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे : मोटारीच्या इंजिनातील वापरलेले वंगणतेल काढून टाकणे, त्याच्यासोबतची गाळणी म्हणजे ऑइल फिल्टर बदलणे आणि ठरलेल्या प्रतीचे नवे तेल ठरलेल्या मापाने भरणे. गाडीच्या देखभालीतले हे सर्वांत साधे काम. मात्र ते चुकले तर इंजिन उतरवावे लागते. प्रस्तुत नोंदीत बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, थार अशा उंच गाड्यांचा आणि मुख्यतः डिझेल इंजिनांचा विचार केला आहे. उदाहरणार्थ, वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातले केनवड हे मालेगाव–मेहकर रस्त्यावरचे गाव. अशा गावांत कंपनीचे सर्व्हिस सेंटर जवळ नसते. गाडी लावायची म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे ऑइल अंगणात किंवा शेडमध्येच बदलण्याकडे कल असतो.

ही पद्धत चारचाकीच्या आधी ट्रॅक्टरमुळे रुजली. ट्रॅक्टरचे ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. सोयाबीनच्या हंगामात हडंबा (मळणीयंत्र) जोडून ट्रॅक्टर दिवसभर एका जागी चालतो, चाक एक इंचही पुढे जात नाही आणि इंजिन मात्र राबत असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला गाडीचेही गणित लवकर कळते. एसी लावून तासन्‌तास उभी राहिलेली, शेतरस्त्याने धूळ खात चाललेली किंवा रोज गाव ते फाटा एवढीच धावणारी गाडी मीटरवर कमी दिसते, पण तिचे ऑइल लवकर थकते. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा १०,००० किमी किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. त्याच पुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी मुदतही दिलेली असते, पण ती ओळ फार कोणी वाचत नाही. गावातली बहुतेक वाहने या दुसऱ्या ओळीत मोडतात.

या वर्गातील गाड्यांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. महिंद्रने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली ती स्वातंत्र्यानंतर लगेचच. टाटा सुमो पुण्यात तयार होऊन १९९४ मध्ये आली (कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे तिला मिळाली), बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकहून निघाली. काळ्या-पिवळ्या प्रवासी गाड्यांच्या चालकांनी या इंजिनांची उस्तवार रस्त्याच्या कडेलाच शिकून घेतली. गावातल्या मिस्त्रीची विद्याही बरीचशी तिथलीच आहे. ती जुन्या इंजिनांना पुरत होती. नव्या इंजिनांना ती कुठे कमी पडते, ते पुढे येईल.

ऑइलचे काम : तेल फक्त घर्षण कमी करते असे नाही. ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट भरते, ज्वलनातून येणारे आम्ल मारते आणि काजळी अंगावर घेऊन तिला गाठी होऊ देत नाही. मूळ तेल फारसे झिजत नाही. त्यात मिसळलेली रसायने संपतात. डिझेल गाडीत नवे सोनेरी ऑइल थोड्याच अंतरात काळे होते. त्यावरून ‘ऑइल डुप्लिकेट निघालं’ अशी ओरड होते, ती चुकीची आहे. काळे पडले म्हणजे तेल काजळी धरून ठेवते आहे. उलट, डिझेल इंजिनात ते फार दिवस लखलखीत राहिले तरच शंका घ्यावी. दोन बोटांत चोळून ‘अजून चालेल’ असा निकाल देण्याच्या पद्धतीलाही आधार नाही. बोटांना चिकटपणा कळतो, संपलेली रसायने कळत नाहीत. ऑइल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ, फेसकट तेल दिसले, तर मात्र रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये उतरत असण्याचा संभव असतो. अशी गाडी ऑइल बदलून सुधारत नाही, हेड गॅस्केट तपासावे लागते.

प्रत निवडणे : डब्यावरचा १५डब्ल्यू-४० सारखा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. ‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा थंडीतला, पलीकडचा इंजिन तापल्यावरचा. १५डब्ल्यू तेल उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देते. वाशिमच्या थंडीत असा प्रसंग येत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल घाला’ हा सल्ला वर्षानुवर्षे खपला आणि जुन्या सुमो-बोलेरोंनी तो निभावलाही. दाटपणापेक्षा डब्यावरची दुसरी ओळ महत्त्वाची, आणि ती बारीक अक्षरात असते. एपीआय सीएच-४, सीआय-४, सीके-४ किंवा एसीईए सी-३ अशी ती प्रतीची खूण असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. थोडे तेल इंजिनात नेहमीच जळते. त्याची राख या जाळीत बसते आणि काजळीसारखी ती जळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतले उरलेले ऑइल त्यांत ओतले तर इंजिन तक्रार करत नाही, पण जाळी हळूहळू तुंबते आणि पुढे ती बदलण्याचा खर्च कित्येक वर्षांच्या ऑइलपेक्षा जास्त होतो. मिस्त्रीची जुनी विद्या कमी पडते ती इथे. डीपीएफचा आणखी एक परिणाम पाहण्यासारखा आहे. जाळीतली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर ते जाळणे अर्धवट राहते, काही डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते आणि पट्टीवरची पातळी चक्क वाढते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानू नये. त्याला डिझेलचा वास येत असेल तर मुदत बाकी असली तरी ते बदलावे.

सर्वो, मॅक, एचपी मिल्सी, कॅस्ट्रॉल, महिंद्रचे मॅक्सिमाइल यांतले कोणते घ्यावे यावर पारावर जेवढी चर्चा होते तेवढा त्यांत फरक नसतो. पुस्तिकेतली प्रत आणि डब्यावरची प्रत जुळली की पुरे. खरा धोका बनावट तेलाचा. पंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून सीलबंद डबा घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडून मगच भंगारात द्यावा. अखंड डबे पुन्हा भरले जातात. गावात ते डिझेलला, फवारणीच्या पाण्याला आणि कुठे कुठे पिण्याच्या पाण्यालाही वापरतात. हे शेवटचे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

फिल्टर : मोटारीच्या ऑइल फिल्टरची सुरुवात १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांच्या ‘प्युरोलेटर’ने झाली. आजचे फिल्टर दोन प्रकारचे. एक डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा. दुसरा नुसता कागदी गाभा, जो इंजिनावरच्या झाकणाखाली बसतो आणि त्याच्यासोबत रबरी रिंगही बदलावी लागते. फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून बगल देणारी झडप असते. ती उघडली की तेल न गाळताच फिरू लागते. म्हणून ‘या खेपेला ऑइल बदलू, फिल्टर पुढच्या खेपेला’ ही काटकसर खोटी. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये राहिलेले मळके तेल नव्यात मिसळते ते वेगळेच.

कृती : उंच गाडीचा फायदा हा की बोलेरोसारख्या वाहनाखाली बारीक अंगाचा माणूस जॅक न लावताही शिरू शकतो. शक्य असेल तर तसेच करावे. जॅक लावायचाच असेल तर काळ्या मातीवर कधीही लावू नये. ही माती वरून घट्ट दिसते, पण ओल लागलेली असली की जॅकचा पाय वजनाखाली तिरपा होत आत जातो. सिमेंटचा कोबा नसेल तर खाली जाड फळी टाकावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चेसिसखाली स्टँड दिल्याशिवाय आत जाऊ नये. एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली तर तीही वेळेला उपयोगी पडते.

इंजिन पाचेक मिनिटे चालवून बंद करावे. तेल कोमट असले की पातळ होऊन काजळीसकट उतरते; लांबचा प्रवास करून आल्या आल्या हात घातला तर मनगट भाजते. वरचे झाकण उघडावे म्हणजे हवा लागून तेल सरळ खाली येते. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या बुडाला ड्रेन बोल्ट असतो, बहुधा १७ किंवा १९ च्या पान्याचा. फिक्स पाना निसटून बोल्टचे कोपरे गोल करतो, म्हणून रिंग पाना किंवा सॉकेट वापरावा. बोल्ट सैल झाल्यावर शेवटचे आटे हाताने, बोल्ट आत दाबून धरत फिरवावेत आणि मग झटकन बाजूला घ्यावा. नाहीतर तो तेलाच्या धारेसोबत घमेल्यात जातो आणि धार कोपरापर्यंत येते. घमेले ७–८ लिटरचे हवे. गाडीत इंजिनाप्रमाणे साधारण साडेचार ते साडेसहा लिटर ऑइल असते आणि सुरुवातीची धार सरळ न पडता पुढे उडते, हे लक्षात घेऊन ते सरकवून ठेवावे. पंधरा-वीस मिनिटे थेंब थेंब निथळू द्यावे.

बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर खेपेला नवा घालावा. तो दाबला जाऊन फट बुजवतो. एकदा दाबलेला दुसऱ्यांदा नीट बसेलच असे नाही. बोल्ट आवळताना पान्याच्या दांड्याला पाइप घालून जोर लावणे हा घरगुती कामातला सर्वांत महागडा प्रकार. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की एक वायसर वाचवायला बसलेला माणूस चेंबर विकत घेतो. पुस्तिकेतला टॉर्क पाळावा. टॉर्क पाना नसेल तर साध्या पान्याने हाताला घट्ट लागेपर्यंतच आवळावा.

डबा-फिल्टर निघत नसेल तर चेन पाना किंवा पट्ट्याचा पाना लावतात. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची रीत सर्रास दिसते, पण पत्रा फाटला की फिल्टर आणखीच अडकतो. तो निघाल्यावर जुनी रबरी रिंग फिल्टरसोबत आली का, हे डोळ्यांनी पाहावे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, तर दोन रबरांमधून दाबाखालचे तेल मिनिटाभरात बाहेर फेकले जाते आणि इंजिन जागेवर जाम होते. बसण्याची जागा कोरड्या फडक्याने पुसावी, नव्या रिंगला बोटाने नवे तेल लावावे आणि रबर टेकल्यावर हातानेच आणखी सुमारे पाऊण फेरा द्यावा. इथे पाना लागत नाही.

नवे तेल मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरून इंजिन सुरू करावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. न विझल्यास लगेच बंद करावे. या वेळी रेस देऊ नये. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचायला क्षणभर लागतो. दोन-तीन मिनिटांनी बंद करून बोल्ट आणि फिल्टरखाली बॅटरी मारून पाहावे, सपाट जागेवर दहा मिनिटे थांबून पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा बुडवून वाचावी. दोन खुणांमधले अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचे असते. त्या अंदाजाने थोडे थोडे वाढवावे. वरच्या खुणेच्या पुढे भरण्याची हौस नको. क्रँक तेल घुसळून फेस करते, फेस वंगण देत नाही आणि वाफेच्या नळीवाटे तेल हवेच्या मार्गात ओढले जाते. शेवटी तारीख, किलोमीटर आणि तेलाची प्रत वहीत लिहावी, बिले जपावीत. गाडी वॉरंटीत असेल तर घरी बदललेल्या ऑइलवरून दावा अडू शकतो; तेवढी वर्षे अधिकृत ठिकाणीच बदलणे शहाणपणाचे. घरी बदलण्यात मजुरी फार वाचत नाही. गाडीत नेमके कोणते तेल पडले याची खात्री मिळते, हा खरा नफा.

जळक्या ऑइलची विल्हेवाट : वऱ्हाडात जळके ऑइल कोणी टाकून देत नाही आणि अडचण तिथेच आहे. पावसाळ्याआधी वखर-डवऱ्याच्या लोखंडाला ते लावतात, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासतात, कुठे कुठे जनावरांच्या खरजेवरही चोपडतात. वापरलेल्या तेलात काजळीसोबत झिजलेले धातू आणि कर्करोगकारक संयुगे असतात. जनावर अंग चाटते, तेव्हा ती पोटात जातात. खरजेवरचा उपाय म्हणून ते पूर्ण बंद व्हायला हवे. अवजारांना गंज लागू नये म्हणून ते लावायचेच तर हातमोजे घालावेत, आणि ते अवजार मातीत जाणार आहे हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी स्वस्तातले नवे ग्रीस बरे.

जमिनीत ओतणे तर सर्वांत वाईट. उन्हाळ्यात काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेत ओतलेले तेल मातीत न मुरता सरळ खोल उतरते. खाली भेगाळ काळा पाषाण, आणि त्याच पाषाणातल्या पाण्यावर गावच्या उथळ विहिरी. बांधावर रिकामे केलेले घमेले अशा वाटेने विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

कायद्याच्या दृष्टीने वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्रात यावर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते पाणी, डिझेल किंवा कुलंट न मिसळता, झाकणाच्या डब्यात ‘जळकं ऑइल’ असे लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि रिसोड, मालेगाव किंवा वाशिमच्या ज्या गॅरेजमधून अशा तेलाचे पिंप नियमित उचलले जाते तिथे पोहोचवावे. नवे ऑइल आणायला जाताना जुना डबा सोबत नेला की वेगळी खेप पडत नाही. भट्टीत जाळण्यासाठी ते मागणारे लोकही येतात आणि रोख देतात. त्यांना देऊ नये. जुना फिल्टर बुडाला भोक पाडून रात्रभर घमेल्यावर उपडा ठेवावा, निथळलेले तेल त्याच डब्यात घालावे आणि मग पत्र्याचा डबा भंगारवाल्याला द्यावा. कागदी गाभ्याचा फिल्टर मात्र चुलीत न घालता तेलासोबतच गॅरेजला पाठवावा.