सिरियल पोर्टवरील माहितीचे निरीक्षण : टेलिटाइप ते लिनक्स

प्रस्तावना :
संगणक आणि बाह्य उपकरण यांच्यातील संवाद खंडित झाल्यास दोष प्रोग्रामचा, कार्यप्रणालीचा की उपकरणाचा, हे त्यांच्यातील माहितीची देवाणघेवाण पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही. लिनक्सवर ती पाहणे सुलभ आहे. मात्र जे दिसते तेच घडले असेल असे नाही. या विसंगतीचे मूळ टेलिटाइप यंत्राच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेत १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या काळी वापरकर्त्यासमोर पडदा नसून टेलिटाइप असे. त्यावरूनच 'टीटीवाय' हा संक्षेप रूढ झाला. युनिक्सने उपकरणालाही फाइलचे रूप दिले. १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स यांनी विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमद्वारे संपर्क साधण्यासाठी टर्मिनलचा प्रोग्राम लिहिला. पुढे त्याचाच विस्तार होऊन लिनक्स साकारले.

निरीक्षणाच्या पद्धती व मर्यादा :
पोर्ट ही फाइल असल्याने ती थेट वाचता येते. परंतु दोन प्रोग्राम एकाच वेळी वाचू लागल्यास बाइट त्यांच्यात विभागले जातात आणि निरीक्षणामुळेच नवा दोष उद्भवतो. शिवाय टीटीवाय स्तर पलीकडे टंकलेखन करणारा मनुष्य आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे मूळ मांडणीत आलेला १३ हा बाइट १० होतो, तर १७ व १९ हे प्रवाह-नियंत्रणाचे संकेत समजले जाऊन प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत. मोजमापाची द्विमान माहिती यामुळे विकृत होते. म्हणून पोर्ट 'रॉ' अवस्थेत ठेवणे आवश्यक ठरते.

'एसट्रेस' हे साधन प्रोग्रामने कार्यप्रणालीकडे सोपविलेले व तिच्याकडून घेतलेले बाइट दाखविते. तारेवर प्रत्यक्ष काय गेले, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही दिशांच्या तारांना स्वतंत्र ग्राहक पोर्ट जोडावे लागतात.

निष्कर्ष :
इतिहाससंशोधक ज्याप्रमाणे एकाच साधनावर विसंबत नाही, त्याचप्रमाणे प्रोग्राममधील नोंद आणि तारेवरील नोंद ताडून पाहिल्याखेरीज दोषाचा निर्णय करणे योग्य नव्हे. टेलिटाइप वापरातून गेले, तरी त्याची गृहीतके कार्यप्रणालीत टिकून आहेत. ती ज्ञात नसल्यास निर्दोष उपकरणावर ठपका येतो.