राळ्याचे दाणे

आमचे शिराळे सगळ्यांना माहीत आहे ते नागपंचमीमुळे. पण नागाला न भिणारी ही माणसे भर दुपारी एकटी विहिरीकडे जात नसत, कारण तिथे हडळ असते. पुढून भरलेली बाई, मागून नुसता सांगाडा. पोटुशी किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असे आम्ही ऐकत आलो.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या गल्लीतली एक सून बाळंतपणात गेली. तिरडी निघाली आणि मागोमाग घरातली एक म्हातारी वाटेवर राळे टाकत चालली. परत यायचे तर तिला दाणा न् दाणा वेचावा लागेल, म्हणून. म्हातारी रडत होती आणि राळेही टाकत होती. मी दादीला विचारले. आपल्यात बाळंतपणात गेलेल्या बाईला शहीद मानतात, ती कुणाला कशाला धरेल, असे दादी म्हणाली. आणि तीच दादी तिन्हीसांजेला मला त्या वाटेने जाऊ देत नसे!

पुढे बी.ए.ला असताना ‘कार्मिला’ वाचनात आली. डब्लिनच्या शेरिडन ले फानूची ही दीर्घकथा 1871-72 मध्ये मासिकातून आली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधी. ऑस्ट्रियातल्या एका एकाकी गढीसमोर घोडागाडी उलटते आणि त्यातली सुंदर मुलगी पाहुणी म्हणून राहते. गढीतल्या लॉराला तिचा लळा लागतो, तिची भीतीही वाटते. दिवसेंदिवस लॉरा खंगत जाते. पाहुणी असते जुन्या सरदार घराण्यातली, केव्हाच मेलेली मिरकाला. नावातली अक्षरे उलटसुलट करून ती घरोघरी शिरते.

युरोपातही अशा मृतांच्या वाटेवर खसखस किंवा बारीक धान्य टाकत. ते वाचताना मला राळे आठवले. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या मुलखात लोक थडगी उकरून प्रेतांना खुंट्या ठोकत. 1755 मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याकडून, व्हान स्वीटेनकडून, अहवाल मागवला आणि या प्रकाराला बंदी केली. ले फानूच्या कथेत मात्र थडगे उघडले जाते ते अधिकाऱ्यांच्या देखत, सह्यांनिशी. कार्मिलाला खुंटी ठोकून, शिर तोडून जाळतात. हे सारे पुरुष करतात. एकट्या लॉराला पुढे कित्येक वर्षे दाराशी तिची पावले वाजल्याचा भास होतो.

सिनेमावाल्यांनी यातले आपापल्या सोयीचे उचलले. ड्रायरच्या 1932 च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये पिशाच्च एक म्हातारी आहे, मैत्री गायब. 1970 चा ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ कथेला बराच धरून आहे, पण त्याचे लक्ष अंगप्रदर्शनावर. 2014 मध्ये कॅनडात निघालेल्या वेबमालिकेत लॉरा वसतिगृहातली विद्यार्थिनी आहे आणि कार्मिला तिच्याच खोलीत राहते. इथे तिला मारून गोष्ट संपवलेली नाही. मला ही मालिका आवडली. थोडी पोरकट आहे, असो.

आपल्याकडे 2017 मध्ये ‘लपाछपी’ आला. उसाच्या फडातले घर, त्यात एक गरोदर बाई, आणि भोवती भुते. खरी गोष्ट मुली मारणाऱ्या घराची. आमच्याही भागात ऊसच ऊस, त्यामुळे थिएटरमधून घरी येताना मी रस्त्याच्या कडेला पाहत नव्हतो. पण भीती भुताची होती, असे म्हणवत नाही.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. मारिया थेरेसाच्या हुकमानंतर 258 वर्षांनी.

मध्यंतरी गल्लीत त्या सुनेचे नाव विचारत हिंडलो. जुन्या बायकांना राळे आठवतात, म्हातारी आठवते. नाव विचारले की म्हणतात, त्यांची थोरली सून.